रुखवतातला ड्रायव्हर

पंचवटीतल्या गायधनींच्या घरात कुणाला काही सांगायचं असलं, की आधी 'उजेडात ये' असं ऐकावं लागे. मालिनीबाईंचे कान बाराव्या वर्षी तापात गेले. तोवर बोलायला येत होतं, ते तेवढं टिकलं. दुसऱ्याचं बोलणं मात्र त्या ओठांवरून वाचत. म्हणून चिंतामणराव लग्न झाल्यापासून बायकोशी बोलताना खिडकीकडे नाहीतर ट्यूबलाइटकडे तोंड करून उभे राहत. भांडतानासुद्धा! पाठ फिरवून पुटपुटायचं सुख या नवऱ्याला कधी लाभलं नाही, आणि त्यांनी ते मागितलंही नाही.

भाऊबंद सगळे रामकुंडावर यजमानांचे विधी करणारे. चिंतामणराव अंबडच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाला लागले, तेव्हा "सोल्डरिंगचा मंत्र कुठल्या वेदात आहे रे?" म्हणून चुलत्यांनी थट्टा केली. ते हसले आणि डबा घेऊन निघाले. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, यांनी कॉम्प्युटर उघडून ठेवला.

लेक यशश्रीचं लग्न ठरलं, जावई शिकागोला नोकरीला. फोनचा मालिनीबाईंना काय उपयोग? टाइप केलेलं त्या वाचत, पण "ही काय तार आहे का?" म्हणून नाक मुरडत. त्यांना लेकीचे ओठ दिसायला हवे होते. चिंतामणरावांनी दोन वेबकॅम आणले, आणि घरच्या ट्यूबखाली लावून बघतात तर चित्रावरून काळे पट्टे सरकतायत.

दोष त्यांनी शोधून काढलाच. आपली वीज पन्नास सायकलची, म्हणजे सेकंदाला पन्नास फेऱ्यांची; दर फेरीत दोनदा, अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचा सेन्सर दर चित्रासाठी थोडाच वेळ उजेड घेतो. तो वेळ लुकलुकण्याच्या पूर्ण पटीत बसला नाही की पट्टे उमटतात. कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. चिंतामणरावांनी तोच उघडला, सेन्सरची वेळ आपल्या विजेशी जुळवली आणि पक्की करून टाकली. चित्र कसं निवांत झालं! मुलीच्या रुखवतात लोक लाडू, चिवडा, भरतकाम मांडतात. या बाबांनी लेकीच्या लॅपटॉपमध्ये स्वतःच्या हाताने ड्रायव्हर घालून दिला, आणि मांडवभर मिरवले.

शिकागोहून दर रविवारी, इथल्या सकाळी, यशश्री पडद्यावर येऊ लागली. तिथे रात्र असे, स्वयंपाकघरातली ट्यूब लावून ती बोलायची. आणि तिच्या चेहऱ्यावरून पुन्हा तेच काळे पट्टे! चिंतामणरावांनी खापर फोडलं ते आपल्या लाइटवर. चोक बदलले, स्टॅबिलायझर आणला, वायरमनला फैलावर घेतलं. मालिनीबाई तेवढ्या शांत. पडद्यासमोर बसायच्या, हसायच्या, मान डोलवायच्या.

अशाच एका रविवारी, दिवस गेलेल्या यशश्रीने विचारलं, "आई, बाळंतपणाला सासूबाई येतायत. तू नाही आलीस तरी चालेल ना?"

मालिनीबाई गोड हसल्या आणि त्यांनी होकाराची मान हलवली. आतल्या खोलीत त्यांनी शिवलेल्या दुपट्यांची चळत पडली होती.

यशश्रीचा चेहरा उतरला. ती पडद्यावरून गेल्यावर, बाजूला बसून सगळं ऐकलेले चिंतामणराव उजेडात उभे राहिले. "काय म्हणाली ती?"

"बरी आहे म्हणाली," मालिनीबाई म्हणाल्या.

मग चिंतामणरावांना कळलं. ही गेले कित्येक रविवार काहीच वाचू शकत नव्हती. लेकीला आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून नुसती मान हलवत होती. लेकीने काय विचारलं होतं, हे तिला सांगायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही.

पुढच्या रविवारी यशश्री बोलत असतानाच लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू, घरातली एकूण एक ट्यूब बंद, आणि यशश्रीच्या चेहऱ्यावर पट्टे तसेच. चिंतामणराव बघत राहिले. इथे लाइटच नाही, मग लुकलुकतंय काय? लुकलुकत होती ती तिथली ट्यूब. अमेरिकेतली वीज साठ सायकलची! आणि रुखवतात दिलेल्या ड्रायव्हरमध्ये नाशिकची पन्नास सायकल त्यांनी स्वतःच ठोकून बसवली होती.

दुसरा कुणी ही गोष्ट गिळून गप्प बसला असता. यांनी लेकीला मेलमध्ये स्वच्छ लिहिलं, चूक माझी आहे. साठ सायकलला जुळवलेला ड्रायव्हर सोबत जोडला. खाली एक ओळ घातली: आईला तोच प्रश्न पुन्हा विचार.

त्या रविवारी यशश्रीचा चेहरा स्वच्छ होता, गालावरचा तीळसुद्धा दिसत होता. मालिनीबाई खुर्चीत पुढे सरकल्या. यशश्रीने चाचरत तोच प्रश्न विचारला.

"चालेल कसं?" मालिनीबाई उसळल्या. "मुळीच चालणार नाही! सासूबाई येऊ देत खुशाल. मी येतेय."

यशश्री हसता हसता रडायला लागली. मालिनीबाईंना ते रडणं काही उमगेना. त्या नवऱ्याकडे वळल्या. "हिने हे आधी कधी विचारलं होतं का?"

चिंतामणराव खिडकीकडे पाठ करून उभे राहिले. तोंडावर पुरता अंधार. "मला काही ऐकू आलं नव्हतं," ते पुटपुटले.

मालिनीबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "उजेडात या."