मार्थाच्या माठातलं पाणी

रोह्याच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती आणि तिच्या दाराशी आमची सगळी मंडळी प्रार्थनेला उभी होती. सगळी म्हणजे सतरा घरं. माझं लग्न होऊन दोनच महिने झाले होते. नवरा कॅनडात, हॅमिल्टनला, आधीच पोचला होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायला निघाले होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, प्रार्थना सुरू केली ती त्यांना आवरेना. सुटायची वेळ टळून गेली. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर कंडक्टर टोपी काढून पायरीवर उभा होता. आमेन झाल्यावर अण्णा ओशाळून त्याला म्हणाले, "तुमचा खोळंबा केला." तो म्हणाला, "असू दे गुरुजी, लेक चाललीय. पेणपर्यंत काढू भरून."

पेणच्या स्टँडवर तिथली मंडळी पापडांचे पुडे घेऊन थांबली होती. आमचे पाळकसाहेब पेणला राहत. एक रविवार तिथे, एक रविवार आमच्याकडे. त्यांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई रोह्याच्या स्टँडवर फारसं बोलली नव्हती. एवढंच म्हणाली होती, "कोणाच्या दारात जायला लाजू नको गो."

रोह्याला राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, आईच्या त्या वाक्यामागे काय होतं ते तुमच्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून आज लिहायला बसले आहे.

आमचं देऊळ म्हणजे कौलारू छपराची एक खोली. हो, आम्ही देऊळच म्हणायचो. चर्च हा शब्द पाहुण्यांसाठी. चपला बाहेर, आत जाजम, म्हाताऱ्यांसाठी दोन बाकं, एक पेटी आणि एक तबला. बायका रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढत आणि रविवारी पिशवीतून आणत. ते तांदूळ ज्याच्या घरी आजारपण असेल त्याच्याकडे जात, मग ते घर कोणाचं का असेना. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे. त्याची भाकर आई भाजायची आणि शनिवारी मनुका उकळून प्याल्यासाठी रसही तीच काढायची. प्याला एकच, कल्हई लावलेला, हातातून हातात फिरणारा. सगळ्यांनी एकाच प्याल्यातून प्यायचं, आणि मनात कोणाविषयी वाकडं असेल तर आधी ते मिटवून यायचं, असा आमच्याकडचा नेम होता. अण्णा शाळेत मास्तर आणि मंडळीचे वडील, म्हणजे देवळाचा कारभार पाहणारे पंच. तो प्याला फिरवायचं काम त्यांचं.

मी नववीत असताना जालन्याकडून एक कुटुंब रोह्यात आलं. नवरा दानिएल, बायको मार्था आणि एक तान्ही मुलगी. दानिएलला नगरपालिकेत गटारं साफ करायचं काम मिळालं होतं. पहिल्याच रविवारी मार्था येऊन आईच्या शेजारी जाजमावर बसली. गायला लागली तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं, इतका मोकळा गळा. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. मार्था प्याली आणि तिनं प्याला आईकडे दिला. आईनं पदर पुढे ओढला, मान खाली घातली, आणि ओठ न लावताच प्याला माझ्या हातात ठेवला.

मी प्याले. पण मी पाहिलं होतं. अण्णांनीही पाहिलं होतं.

घरी त्यांनी जेवणं होऊ दिली. मग म्हणाले, "तुझ्या हातची भाकर मार्थाला चालली."

"माझं पोट ठीक नव्हतं," आई म्हणाली.

आई वाईट नव्हती. तापानं फणफणलेल्या शेजारणीची घाण तिनं काढलेली मी पाहिली आहे. पण आपले आजोबा शाळामास्तर होते, आपण जुने ख्रिस्ती, याचा तिला अभिमान होता. आणि त्या अभिमानाच्या तळाशी दुसरं जे काही होतं, ते बाप्तिस्म्याच्या पाण्यानंही निघालेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात ती मार्थाच्या पुढच्या ओळीत जाऊन बसली, म्हणजे प्याला आधी तिच्याकडे येईल. दोनतीन बायका तिच्या मागोमाग सरकल्या. एका वयस्कर गृहस्थांनी सुचवलं की आरोग्याच्या दृष्टीनं आता प्रत्येकाला वेगळी लहान वाटी असावी. अण्णा म्हणाले, "आरोग्य आत्ताच कसं आठवलं?"

तिसऱ्या महिन्यात पाळकसाहेबांनी प्याल्यावर आशीर्वाद मागून तो अण्णांच्या हातात दिला. अण्णा तो घेऊन उभेच राहिले. मग त्यांनी तो परत मेजावर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या घरातच भिंत हाय. मला हा प्याला फिरवता येणार नाय." पाळकसाहेबांनी शेवटचं गीत सांगितलं. त्या रविवारी कोणीच प्यालं नाही. सगळ्यांच्या मागे बसलेली मार्था लेकीला कडेवर घेऊन गीत संपायच्या आधी निघून गेली. पुढचे दोन रविवार ती आलीच नाही.

आई अण्णांशी बोलेना. चारचौघांत तिची मान खाली घातली होती त्यांनी. मला त्या वेळी आईची बाजू खरी वाटली. घरात सांगता आलं असतं की. एका दुपारी भांडी घासता घासता ती थांबली आणि मला म्हणाली, "शीला, चप्पल घाल."

बाजारामागच्या नाल्याच्या कडेला मार्थाची खोली होती. आम्हाला पाहून ती गडबडली. तिनं पोतं झटकून अंथरलं, लेकीचं नाक पुसलं आणि म्हणाली, "बसा बाई. बाटलीतलं थंड आणते दुकानातनं." तिच्या घरी कोणी आलंच तर तिच्या पेल्यातलं नाही, बाटलीतलंच पिणार, हे तिनं आम्ही बोलायच्या आधीच धरून ठेवलं होतं.

"थंड नको गो. माठातलं पाणी दे," आई म्हणाली.

मार्थानं पेला दोनदा विसळला. भरून पुढे केला. आईनं तो घेतला नाही. "तू पी आधी."

मार्था बघत राहिली. मग तिला कळलं. तिनं दोन घोट घेतले आणि पेला दिला. आईनं तो तोंडाला लावला आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं. मार्था रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. ती म्हणाली, "लई उशीर केला, बाई."

"व्हय," आई म्हणाली. "केला."

"या रविवारी येते मी. पण तुमच्यासाठी नाही. देवासाठी."

"तशीच ये."

एवढंच झालं. परत येताना आईनं माझा हात धरला होता. नववीतल्या मुलीचा हात कोणी धरतं का? पण तिनं घर येईपर्यंत सोडला नाही. त्या दोघींची मैत्री व्हायला पुढे वर्षं लागली. भांडल्याही खूप, मिठावरून, गाण्याच्या चालीवरून, माझ्या लग्नातल्या जेवणावरून.

हॅमिल्टनला मला सगळं मिळालं. ओव्हन, हीटर, नर्सिंग होमच्या लाँड्रीत कामाची शिफ्ट. चर्चही मिळालं. मोठं, उबदार, पार्किंगमध्ये शंभर गाड्या. दारात हसून हात मिळवत. प्रभुभोजनाला अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा पेला, ज्याचा त्याला वेगळा. पिऊन झाला की बाकाच्या भोकात ठेवायचा. नंतर तळघरात कॉफी. कोणी कधी तुटकपणे वागलं नाही, आणि दीड वर्षात कोणी घरीही बोलावलं नाही. मी आईला पत्रात लिहिलं की इथे माणसं नाहीत. तिचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. त्यात रोह्याच्या चार बातम्या होत्या आणि खाली एक ओळ, "तू कोणाकडे जाऊन पाणी मागितलंस?"

मला राग आला. चार दिवस टिकला. मग मी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एकटी बसणाऱ्या मार्गारेट नावाच्या म्हाताऱ्या बाईचं दार वाजवलं. पाणी मागायचं धाडस झालं नाही, चहा मागितला. ती इतकी दचकली की तिला साखर सापडेना. तिनं सांगितलं, नवरा गेल्यापासून चार वर्षांत तिच्याकडे कोणी बसायला आलं नव्हतं. पुढे माझी दोन्ही मुलं तिच्याच स्वयंपाकघरात रांगली.

आई गेली तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. तिकीट मिळेपर्यंत माती झाली होती. मी पोचले ती आई नसलेल्या घरात. धाकटा भाऊ म्हणाला, "आईला शेवटची आंघोळ मार्थाबाईंनी घातली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाय." मी तिच्याकडे गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "तुझ्या मायची वेणी मी घातली. पांढरे केस पण लई दाट होते." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पहिल्यांदा रडले.

अण्णाही गेले. भावाला पनवेलला नोकरी लागली, रोह्याचं घर विकलं गेलं. मार्था आता पेणला लेकीकडे असते. ती तान्ही मुलगी आज तिथे शाळेत शिकवते. गेल्या वर्षी मी एकटीच पेणला गेले, तेव्हा कोणाला त्रास नको म्हणून लॉजवर उतरले. मार्थाला कळलं. ऐंशीची बाई रिक्षा करून लॉजवर आली, काउंटरवरच्या माणसाला म्हणाली, "हिचा हिशोब करा," आणि माझ्याकडे वळून ओरडली, "माय गेली म्हणून घर गेलं का तुझं? उचल बॅग!"

तेरा दिवस तिच्याकडे राहिले. रविवारी तिला धरून देवळात नेत होते. गळा आता साथ देत नाही, पण चाल चुकली की ती अजून गुडघ्यावर थाप मारते.

परत आल्यावर विमानतळावरच्या तरुण अधिकाऱ्यानं पासपोर्ट उलटसुलट केला. भारतात कोणाकडे राहिलात, त्यानं विचारलं. मी म्हटलं, मावशीकडे. त्यानं सहज विचारलं, म्हणजे आईची बहीण?

मी हो म्हटलं. त्यानं शिक्का मारला आणि मी पुढे झाले.