पाय न पडणारी जागा

दोन हजार अकरा साल, मी बहात्तर वर्षांचा. माझी बायको अमीना जाऊन वर्ष झालं होतं. तिचं कुराण उघडलं, तर पानं हातात तुटू लागली. मी मराठी दोन इयत्ता शिकलेला, अरबी येत नाही. पण तिच्या बोटानं कागद कुठे झिजलाय, ते वाचता आलं.

मौलानांना दाखवलं. ते म्हणाले, "चाचा, जीर्ण झालेलं कुराण पांढऱ्या कपड्यात गुंडाळून दफन करतात. पाय पडणार नाही अशी जागा बघा."

अशी जागा एकच, तिच्या कबरीशेजारची. कब्रस्तानवाल्यांशी भांडून, दगड लावून मी स्वतःसाठी राखलेली.

"मग तुम्ही कुठे जाणार?" मौलानांनी विचारलं.

"किताब तिची, शेजारही तिचाच. माझं बघू."

किताब तिथे पुरून माती सारखी केली, तेव्हा फार बरं वाटलं. माणूस काय, अक्षर काय, थकल्यावर निजायला मातीच लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन गेलो आणि अमीनाच्या पायथ्याशी माझी जागा आखून आलो.