घाण्यावरचं खोबरेल

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही वडगाव रासाईचं घर सोडून दौंडला एका खोलीत राहायला आलो. आमचे हे कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत पाळीवर जायचे. सकाळची पाळी करून दुपारी आले, की पाठ ताठ झालेली असायची. मी तेल लावून द्यायचे. सासरी भरल्या घरात नवऱ्याच्या जवळ बसायचीही चोरी. इथं दार लावलं की आम्ही दोघंच. चोळता चोळता तेल पाठीपुरतं राहिलं नाही, आणि ते दोघांनाही हवं होतं.

सुरुवातीला ह्यांनी दुकानातून वासाच्या तेलाची बाटली आणली. वास छान होता, पण अंगाला लावलेलं ओठांना लागणारच. जीभ कडू झाली, आणि नको तिथं मला दोन दिवस आग होत राहिली. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त बाहेरून लावण्यासाठी. तेव्हा मी ठरवलं, जे पोटात चालत नाही ते अंगालाही लावायचं नाही.

शेंगतेलानं अंगाला भज्यांचा वास यायचा, आम्हाला हसू आवरायचं नाही. तिळाचं उन्हाळ्यात सोसेना. शेवटी सुकं खोबरं घेऊन मी घाण्यावर गेले आणि समोर उभं राहून तेल काढून घेतलं. केसांसाठी पाहिजे, असं घाणेवाल्याला सांगितलं. घरी आल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावला आणि दिवसभर वाट पाहिली. काही झालं नाही. पुढचे काही महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ह्यांच्या पाळीतल्या एका सोबत्याच्या घरी गेले होते. पाच-सहा बायका होत्या. सोबत्याच्या बायकोनं वाण हातात दिलं आणि सहज विचारलं, "वहिनी, तुमचं ते खोबरेल कुठल्या घाण्याचं वो? आमचे हे पण आणा म्हणत्यात."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. एकीनं तोंडाला पदर लावून विचारलं, "त्यानं आग तर न्हाई ना होत?" त्या सगळ्यांना ठाऊक होतं. आग झाली होती, हेसुद्धा.

घरी आले तेव्हा हे दाढी करत होते. कंपनीत काय सांगितलंत, म्हणून विचारलं. आधी काहीच न्हाई म्हणाले. मग म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला, सगळेच बोलतात.

"तुझं नाव कुठं घेतलं मी?"

"बायको एकच हाय तुम्हाला," मी म्हटलं. "नाव कशाला घ्यावं लागतंय?"

तोंडावरचा साबण वाळला तरी ते तसेच आरशासमोर बसून राहिले. मी भिंतीकडे तोंड करून रडले. अख्ख्या पाळीसमोर कुणीतरी माझं लुगडं फेडल्यासारखं वाटत होतं.

दोन महिन्यांनी त्यांनी माफी मागितली, मनापासून मागितली. मी अबोला सोडला. पुढं पाठ धरली की चोळूनही दिली, कमरेपर्यंतच. मुलं झाली, संसार बरा झाला, लोक आमचं उदाहरण द्यायचे. पण मला काय आवडतं, हे मी त्यांना पुन्हा कधी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.