फायबर पाणी पीत नाही

मी फिटर माणूस. आयटीआय झालेला, सातपूरच्या एका कारखान्यात वर्षानुवर्षं पाण्याचे पंप जोडणारा. पंप कुठे गळतो ते शोधायचं आणि गळती बंद करायची, याचाच मला पगार मिळायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्यासाठी ‘बिचाऱ्याला कळलं नसेल’ अशी पळवाट काढायला नको. मला सगळं कळत होतं.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. माझ्या आईचा चुलतभाऊ, म्हणजे माझा मामा, शहराच्या वरच्या अंगाला धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करायचा. धरणामागे लांबवर पसरलेलं ते पाणी हेच त्याचं शेत. खरं शेत त्याच पाण्याखाली गेलेलं. लाकडी नाव वल्हवत तो पलीकडच्या काठापर्यंत जायचा, जाळी टाकायचा, पहाटे काढायचा. पन्नाशी ओलांडली आणि त्याचा उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. सदरा घालताना मामी बाही धरून उभी राहायची. डॉक्टरांनी वल्हं बंद करायला सांगितलं. वल्हं बंद झालं तर मामा पाण्यावर जाणार कसा, आणि पाण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. घरातला भाचा एवढा शिकलेला, कारखान्यात जाणारा, म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

काठावर एका हौशी माणसाने मध्यंतरी पर्यटकांसाठी नौकाविहार काढला होता. दोन हंगामांत तो गुंडाळला. त्याची एक जुनी स्पीडबोट निलगिरीच्या झाडांखाली पडून होती. आतलं इंजिन कधीच काढून नेलेलं, उरलं होतं नुसतं फायबरचं कवच. लाल रंग उन्हाने गुलाबी झालेला, गाद्यांमध्ये उंदरांचा संसार. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, “घेऊन जा एकदाची, माझ्या डोळ्यासमोरून जाऊ द्या.”

माझ्या डोक्यात लगेच नकाशा तयार. अशा बोटीचं इंजिन पोटात असतं आणि त्याचा दांडा तळातून बाहेर पाण्यात जातो. आपण पोट रिकामं करायचं, तिथे माशांचे क्रेट ठेवायचे आणि मागच्या फळीवर बाहेरून टांगायचं इंजिन बसवायचं. वल्हं मारायला नको, डाव्या हाताने सुकाणूचा दांडा धरला की झालं. गावच्या मच्छीमार सोसायटीकडे असं एक जुनं इंजिन पडून होतं. चेअरमन म्हणाले, “बोट तुम्ही उभी करा, इंजिन सोसायटीचं. सगळ्यांचा माल पलीकडून आणायचं काम मामांचं.” मामाने त्या दिवशी मामीला दोनदा चहा करायला लावला.

एमआयडीसीला शनिवारी सुट्टी. प्रत्येक शनिवारी मी स्कूटरवर हत्यारं बांधून निघायचो. गाद्या उपटल्या, काच काढली, वरचं झाकण करवतीने कापलं. फायबरची भुकटी अंगाला लागली की दोन दोन दिवस खाज. मामी माझे कपडे वेगळे धुवायची आणि हाताला लावायला खोबरेल तेलाची वाटी पुढे करायची. मागची फळी मूळची नाजूक, तिच्यावर इंजिनाचं वजन येणार, म्हणून आतून सागाची जाड फळी बसवली, आरपार बोल्ट घातले, खाली लोखंडी पट्ट्या दिल्या. ते काम मी आजही कुणालाही दाखवीन. मामा शेजारी बसून डाव्या हाताने पाने देत राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, “आमचा भाचा हाय. मुंबईच्या इंजिनेरला नाय जमायचं असं.”

मीही फुगलो होतो. त्याच भरात चेअरमनना सांगून बसलो, “दसऱ्याला बोट पाण्यात.”

राहिलं होतं फक्त तळातलं भोक, जुना दांडा जायचा ते. पेल्याच्या तोंडाएवढं, तिरकं. मी ते शेवटी ठेवलं, कारण ते मला किरकोळ वाटलं. रीत अशी की भोवतीची कड आतून-बाहेरून उतरती घासायची, मग काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा. पण त्या वर्षी पाऊस नवरात्रातही हटेना. दमट हवेत रेझिन चिकट राहायचं. रेझिन कडक करणारं हार्डनरही संपत आलेलं. ते आणायला शहरात जायचं तर एक दिवस जाणार. खंडेनवमीला कारखान्यात मशिनांची पूजा होती, ती आटोपून मी दुपारी उशिरा पोहोचलो, तेव्हा मामाच्या अंगणात झेंडूची टोपली येऊनसुद्धा पडली होती. सकाळी सगळं गाव काठावर येणार होतं.

मी लाकडाची खुंटी तासली. तिला चिंधी गुंडाळली, उरल्यासुरल्या रेझिनमध्ये बुडवली आणि भोकात ठोकली. वरून मॅटचा एकच थर, त्यावर पुट्टी, पुट्टीवर निळा ऑइलपेंट. बाहेरून इतकं गुळगुळीत दिसलं की मलाच कौतुक वाटलं. मामाने बोटाने चाचपून विचारलं, “बसलं का रं?”

“पक्कं,” मी म्हणालो.

कारखान्यात असा पंप कुणी पुढे सरकवला असता तर मी त्याला सगळ्यांदेखत झापलं असतं.

दसऱ्याला इंजिनाला हार घातला, नारळ फोडला, आपट्याची पानं वाटली. दोरी तीनदा ओढल्यावर इंजिनाने जीव धरला आणि बोट निघाली. दांडा डाव्या हातात धरून मामा इतका ताठ बसला होता की त्याचा तो दुखरा खांदा विसरायला झालं. मामीने पदर तोंडाला लावला. मी काठावर सगळ्यांचे नमस्कार घेत उभा होतो, जणू काही मोठं जहाजच बांधलं.

मोठा फेरा मारून मामा परत आला. मी आत वाकून पाहिलं. तळात बोटभर पाणी.

मामानेही पाहिलं. आणि हसत म्हणाला, “असूं दे. नवी नाव हाय. आठ दिस पानी पील, मंग आपोआप बंद व्हईल.”

हे तो त्याच्या हिशेबाने बरोबर बोलत होता. त्यांच्या लाकडी नावा हंगामाच्या सुरुवातीला ते मुद्दाम काठच्या पाण्यात बुडवून ठेवतात. उन्हाळ्यात फळ्या सुकून सांधे उघडलेले असतात. आठ दिवस बुडून राहिलं की लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आपोआप घट्ट होतात. नाव थोडी गळणं म्हणजे त्यांच्या लेखी काळजीचं काही नाहीच. आजा-पणज्यापासून आलेलं हे शहाणपण, त्यावर त्याचा डोळे मिटून विश्वास.

फायबर पाणी पीत नाही. फायबर फुगत नाही. गळायला लागलं की ते गळतच जातं. हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते बोललो असतो तर बोट बाहेर ओढून, निळा रंग खरवडून, खुंटी सगळ्या गावासमोर उपटावी लागली असती. आणि ती चिंधी. चेअरमन चार हात अंतरावर उभे होते.

“हो,” मी म्हणालो. “पील आठ दिवस.”

आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन, घरात, कामावर, सगळेच बोलतात. पण त्या एका ‘हो’ची जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच नाही.

पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा बोटीत एक प्लास्टिकचा मग आला होता, पाणी उपसायला. “कमी झालं का?” मी विचारलं. “झालंय थोडं,” मामा म्हणाला. माझं मन राखायला म्हणाला, हे माझ्या लक्षात आलं. त्यानंतरचे शनिवार मी ओव्हरटाइमच्या नावावर काढले. दिवाळीला बायको म्हणाली, “मामांकडे फराळ घेऊन जाऊन येऊ या.” मी तिच्याच हाती डबा पाठवला.

थंडी सुरू झाली होती. एका सकाळी कारखान्याच्या गेटवर निरोप आला. भरल्या क्रेटांसकट बोट बुडाली. खुंटी सुटली असणार, एका दणक्यात. मामा रिकामा रॉकेलचा कॅन छातीशी धरून, एका हाताने पाणी कापत काठाला लागला होता. मी पोहोचलो तेव्हा तो चुलीपाशी घोंगडी पांघरून बसला होता, ओठ निळे. मामीने पहिला चहा मला दिला. “घाबरून आला असशील,” म्हणाली. तो चहा मी प्यायलो. कसा प्यायलो कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर सोसायटीची बैठक. इंजिन गेलं होतं, चार जणांचा माल गेला होता, कुणाच्या तरी माथी मारणं भाग होतं. चेअरमननी मला समोर बसवलं. “तुम्ही यातले जाणकार. सांगा, फायबरची बोट आपोआप फुटते का?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मामाही.

“आपोआप नाही फुटत,” मी म्हणालो. “कशावर तरी आपटली असेल.”

पहिलं वाक्य खरं होतं. दुसऱ्यातही मी ‘असेल’ म्हणून स्वतःला जागा ठेवली. असलं कौशल्य माझ्यात आहे हे मला त्याच दिवशी कळलं.  मामा खाली बघून म्हणाला, “असंल. आपटली असंल. धुकं व्हतं.”

निर्णय झाला. मामाचा हलगर्जीपणा. पुन्हा सोसायटीची बोट त्याच्या हाती द्यायची नाही. वल्हं मारता येत नव्हतंच. पाणी संपलं त्याचं.

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं आणि बोट चिखलात उघडी पडल्याचं कळलं. मी रजा टाकून धावलो. मामाच्या काळजीने नव्हे, त्या भोकाच्या काळजीने. जाऊन पाहतो तर तळ मागच्या बाजूला बादली जाईल एवढा फुटलेला, खुंटीची जागाच शिल्लक नाही. बुडताना खडकावर बसली असणार. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच चिखलात खाली बसलो. मग चेअरमनना बोलावून दाखवलं, “बघा. म्हटलं होतं ना, खडक.” माणूस किती खाली जाऊ शकतो याला तळ नसतो, एवढं त्या दिवसाबद्दल बोलेन.

मामा-मामी निफाडकडे एका द्राक्षबागेत राखणीला गेले. आईकडून खुशाली कळायची. मी जात नव्हतो. लग्नाकार्यात गाठ पडली तर मामा पूर्वीसारखाच पाठीवर हात ठेवायचा, “कसं चाल्लंय इंजिनेर?” त्याला काही माहीत नाही, म्हणून तो एवढा गोड वागतो, असं मी धरून चाललो होतो. आणि तेच मला जास्त खायचं.

दहा वर्षांनी सिडकोत घर घेतलं. वास्तुशांतीला आईच्या माहेरचं माणूस हवं. “मामाला तू स्वतः जाऊन सांग,” आईने बजावलं. फेब्रुवारीचे दिवस, बागेत मणी भरले होते, आणि मामा वेलींच्या ओळींमधून डाव्या हाताने पत्रा बडवत पाखरं उठवत हिंडत होता. साठी ओलांडलेला. मला बघून त्याने पत्रा खाली ठेवला, बांधावर बसवलं, एक घड तोडून दिला.

तो घड हातात धरूनच मी बोलून टाकलं. खुंटी, चिंधी, रंग, तो ‘हो’, ओट्यावरचं वाक्य, सगळं.  मला वाटत होतं, आता याला धक्का बसेल.

मामा शांतपणे ऐकत होता. “चिंधी निळ्या काठाची व्हती,” तो म्हणाला. “तुझ्या मामीच्या जुन्या लुगड्याची.”

मी हातातला घड बांधावर ठेवला.

“पानी उतरलं तवा तुझ्या दोन दिस आधी गेल्तो मी. भोकात हात घातला तर चिंधी निघाली. मंग पहार घेतली अन् तळ फोडला.”

“कशाला मामा?”

“चेअरमननं पाह्यलं असतं तर चार लोकांत तुझी अब्रू काढली असती. दुसऱ्यानं धरून आणन्यापरीस तू सोताहून सांगशील, असं वाटलं.” त्याने पलीकडच्या ओळीकडे पाहिलं. तिथे पाखरं बसली होती. “लय वर्सं लावली रं.”

तो उठला आणि पत्रा उचलून वेलींमध्ये शिरला. मी बांधावर बसून राहिलो. त्याला पहिल्या उन्हाळ्यापासून सगळं माहीत होतं, आणि प्रत्येक लग्नात पाठीवर हात ठेवून तो मी बोलायची वाट बघत होता.