खिंडीतला लाल ठिपका

माझी सासू देवाला फारशी घाबरत नसे, पण गिऱ्हाईक देवाजवळच थांबतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम निघालं, तेव्हा मनोरकडून पालघरकडे ट्रकांची रांग लागली. वाटेतल्या खिंडीत आम्ही दोघी सुके बोंबील विकायला बसायचो. ट्रक उलटायचे, पावसात दरड यायची, तरी धंदा बरा होता.

एकदा मोजणीवाले साहेब आले. तिपाईवर फळी, फळीवर कागद. ट्रक कुठे उलटतात, डोंगर कुठे सुटतो, ते सगळं नकाशावर उतरवत होते. दरडीचं भय जिथे सगळ्यात जास्त, तिथल्या खडकावर त्यांनी खुणेला मोठा लाल ठिपका दिला आणि गेले.

आठवड्यात ठिपक्याचा देव झाला. एका ड्रायव्हरने नारळ फोडला, मग सगळेच तिथे थांबू लागले. सासूने टोपली उचलून थेट ठिपक्याखाली मांडली. मीही मागोमाग. डोक्यावर भेगाळलेला डोंगर, पण बोंबील दुपारीच संपायचे.

पावसाच्या तोंडावर साहेब परत आले आणि ती जत्रा बघून खवळले.

"आजी, उठा! ही धोक्याची खूण आहे."

"देव हाय तो."

"अहो, मी रंगवलाय!"

"मंग काय झाला? गणपती पन मानूसच रंगवतो."

"डोंगर अंगावर येईल!"

"आन उठले तर पोटावर येल. ट्रक हलवा, मी हलते."

साहेबांनी ड्रायव्हरांना नकाशा दाखवला. ते म्हणाले, "पहले नारियल, बाद में कागज."

शेवटी साहेब ताळ्यावर आले. जुना ठिपका त्यांनी रॉकेलने पुसला. खिंड उतरल्यावर सपाटीला एक खडक होता, तो लाल रंगवला, त्याला डोळे काढले आणि स्वतः नारळ फोडला. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. ट्रक तिकडे थांबू लागले. सासूही टोपली उचलून तिकडे गेली.

श्रावणात दरड कोसळली, बरोबर जुन्या जागेवर. खाली कुणी नव्हतं. साहेब नकाशा घेऊन धावत आले. कुणी शाबास म्हणेल असं वाटलं असावं. लोक नव्या खडकासमोर हात जोडून उभे होते. म्हणत होते, देवाला आधीच कळलं, म्हणून त्याने जागा बदलली.

सासूने मूठभर बोंबील कागदात बांधून साहेबांच्या हातात कोंबले.

"घ्या सायब. तो देव काय बोंबील खात नाय."