पप्पांनी डोळे मिटून निवडलेला कीबोर्ड

माझ्या बापाने आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण तोंडातून एक शब्द न काढता जिंकलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. रडकी पोस्ट लिहिणार नाही. त्यांना आवडली नसती.

पप्पा पिंपरीच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला टायपिस्ट होते. आधी मराठी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. शिफ्टची नोटीस असो नाहीतर कुणाचा मेमो, सगळं त्यांच्या बोटांखालून जायचं.

रिटायर झाले आणि घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं.
जीव वाचला. आवाज गेला.

मग थेरगावच्या आमच्या घरात पाटी आली. पप्पा लिहायचे, पण पहिला शब्द झाला की पुढचं आम्हीच ओळखायचो.
"चहा? पाणी? फॅन लावू?"
बहुतेक वेळा चुकायचो. ते पाटी पुसून ठेवून द्यायचे.

त्यातच माझ्या लग्नाचा विषय निघाला.

निखिल चाकणला माझ्याच कंपनीत, क्वालिटीत. आमच्या समाजाचा नाही. पप्पा त्याला भेटले होते, त्यांना पसंत होता. पण मोठे काका, म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ, ऐकायलाच तयार नव्हते.

एका रविवारी ते घरी आले.
"उद्या त्या लोकांनी पोरीला घरात वेगळं वागवलं, तर कुणाच्या दारात जाणार ती?"

त्यांची काळजी खोटी नव्हती. पण ते थांबेचनात. काका बोलत होते, पप्पा पाटीवर लिहीत होते.

शेवटी काका उठले. मला म्हणाले, "बघ, तुझा बाप पण गप्प बसलाय. म्हणजे त्यालाही मान्य नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलावून विषय संपवून टाकू."

पाटीवर अर्धंच वाक्य होतं. "दादा, मला हा मुलगा"

काका गेले आणि पप्पांनी पाटी भिंतीवर आपटली. दोन तुकडे.
त्या माणसाला मी कधी साधा पेला आपटताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी टॅबलेट घेऊनच घरी आले. लिहिलेलं मोठ्याने वाचणारं ॲप टाकलं. जुन्या टाइपरायटरसारखा मराठी लेआउटसुद्धा मिळाला.

पण काचेवर जमेना. टायपिस्ट बटणांवर बोटं टेकवून बसतो. काचेवर बोटं टेकली की आपोआप अक्षरं उमटायची, आणि टॅबलेट भर घरात ओरडायचा, "ककक ममम ररर!"
आई हसली. पप्पाही हसले. मग त्यांचा चेहरा पडला.

ऑनलाइन एक पातळ वायरलेस कीबोर्ड मागवला. बटणं इतकी सपाट, की दाबलं गेलं की नाही तेच कळेना. वर ब्लूटूथ सारखं तुटायचं.

शनिवार उजाडला.
मी पप्पांना आणि टॅबलेटला घेऊन डांगे चौकाजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

दुकानदाराने आधी कव्हरला जोडलेला कीबोर्ड दाखवला. पप्पांनी मानेनेच नाही म्हटलं. मग त्याने तीन मेकॅनिकल काढले, टाइपरायटरसारख्या उंच बटणांचे. तिन्ही वायरलेस.
"काका, हा घ्या. सायलेंट आहे. घरात कुणाला त्रास नाही."

पप्पांनी डोळे मिटले. एकेका कीबोर्डवर दहाही बोटं टेकवून बसले. पहिला नाही. दुसरा नाही.
तिसऱ्यावर बोटं पळायला लागली.
खट खट खट खट! अख्खं दुकान वळून बघायला लागलं.

मी म्हटलं, "पप्पा, हा फार जड आहे."
टॅबलेट बाईच्या आवाजात म्हणाला, "हलका सरकतो. जड जागेवर बसतो."

दुकानदार म्हणाला, "अहो, पण याचा आवाज फार येतो. आणि मराठी अक्षरं पण नाहीत त्याच्यावर."

खट खट खट.
"अक्षरं माझ्या बोटांत आहेत. आणि माझा आवाज गेलाय. याचा तरी येऊ दे."

दुकानदार आतून स्वतःची खुर्ची घेऊन आला.
"बसा काका. अजून लिहून बघा."

रविवारी घर भरलं. काका, दोन्ही आत्या, त्यांची मंडळी. पप्पांनी टॅबलेट स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला, समोर तो नवा जड कीबोर्ड.

काकांनी सुरुवात केली, आणि खटखट सुरू झाली. काका थांबले.
"हे काय?"

टॅबलेट बोलला, "दादा, मागच्या रविवारी मी गप्प नव्हतो. मी लिहीत होतो. तुम्ही थांबला नाहीत."

खट खट खट.

"मुलगा मला पसंत आहे. पोरीला त्रास झाला तर ती माझ्या दारात येईल. आणि तेव्हा तिच्या बाजूने तुम्ही माझ्याआधी उभे राहाल, हे मला माहीत आहे."

काकांचे डोळे भरले. "अरे, पण मला वाटलं तुला..."

खट खट.
"वाटून घेऊ नका. विचारत जा."

काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाले,
"निखिलच्या घरच्यांना कधी बोलवायचं?"

मी उड्या मारल्या. खरंच मारल्या, वयाचा विचार न करता.

लग्नात पप्पांनी भाषण केलं. हॉलचा माइक टॅबलेटसमोर धरला होता, त्यामुळे खटखटसुद्धा स्पीकरवरून येत होती. शेवटी ते आईकडे वळले.
"मंगल, इतके दिवस तू माझ्या वतीने बोललीस. आता मी तुला उलट उत्तर देऊ शकतो."
हॉल हसत होता, टाळ्या थांबत नव्हत्या. आई लाजून नुसती लाल झाली होती.

त्यानंतर दोन वर्षं पप्पा नुसते बोलत सुटले. भाजीवाल्याशी, डॉक्टरांशी, क्रिकेटवरून काकांशी. निखिलशी तर तासन् तास.

मागच्या वर्षी आजच्याच सकाळी हार्ट अटॅक आला. हॉस्पिटलला पोचायच्या आतच गेले.
पण मनातलं मनात ठेवून गेले नाहीत.

पप्पा, तुमच्या लेकीचा मानाचा जय भीम.