ट्रिबर्गच्या वाटेवर पाचवी माळ

खरं सांगायचं तर त्या नवरात्रात मी देवीवरही चिडले होते. नवऱ्यावर चिडलेली होतेच, शिवाय मुलावर, सुनेवर आणि इथल्या त्या मेल्या वाऱ्यावरही. आम्ही दोघं पिंपरीहून सातासमुद्रापार पापाकुराला मुलाकडे राहायला आलो होतो, आणि इथे आल्यापासून यांचं विसरणं वाढतच चाललं होतं. सकाळी चहा घेतला की नाही, आठवायचं नाही. नातीला हाक मारताना नाव सुचायचं नाही. पण जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये काय काय बघायचं आणि कशानंतर काय बघायचं, ते मात्र तोंडपाठ. डॉक्टर म्हणाले, या आजारात असंच होतं, जुनं राहतं आणि नवं जातं. मी मनात म्हटलं, राहायचं तर राहू दे, पण हेच का राहावं?

त्यामागची हकीकत अशी. हे ज्या कारखान्यात होते, तो जर्मन कंपनीच्या भागीदारीतला. संध्याकाळी क्लासला जाऊन हे जर्मन शिकले, अगदी फाडफाड बोलायला लागले. मग ट्रेनिंगसाठी ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका गावी पाठवायचं ठरलं. पासपोर्ट झाला, लोकरीचा कोट शिवला, आणि निघायच्या तोंडावर सासूबाई अंथरुणाला खिळल्या. जाणं राहिलं ते राहिलंच. यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. संसार, मुलाचं शिक्षण, रिटायरमेंट, सगळं सरळ पार पडलं. आणि आता म्हातारपणी, डोक्यातलं बाकीचं सामान हलल्यावर, तळाशी दडपलेलं ते गाठोडं वर आलं.

रोज तेच. मी भाजी चिरत असले की हे समोर येऊन बसणार. आधी फ्रायबुर्ग, तिथल्या चर्चचा मनोरा. मग टिटीसे तलाव, तिथे होडीत बसायचं. तिथून ट्रिबर्ग, मोठा धबधबा, आणि कोकिळा बाहेर येऊन ओरडते त्या घड्याळांची दुकानं. मग गुटाखची जुनी लाकडी घरं, छप्पर जमिनीला टेकायला आलेलं. पोस्टमनला हेच सांगायचं, कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानातल्या, गुजराती बाईला हेच, लॉन कापणाऱ्या शेजाऱ्याला हेच. तो बिचारा मशीन बंद करून ऐकायचा आणि ‘स्वीट ॲज’, म्हणजे मस्तच, म्हणून पुन्हा चालू करायचा. मुलगा हौसेने गाडीत घालून इथली तळी, इथले धबधबे दाखवून आणायचा. एवढं सोन्यासारखं तळं समोर, आणि हे म्हणायचे, बरं आहे, पण टिटीसेची सर नाही. जसे काही दर उन्हाळ्यात तिथेच जाऊन राहत होते! मी कपाळावर हात मारून घ्यायची.

अशात नवरात्र आलं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या घट बसतात, परदेशात आहे म्हणून ते मोडायचं कसं? पण इथे घट बसवायचा म्हणजे नाकी नऊ. माती दुकानातून पिशवीत आणायची, आणि पिशवीवर लिहिलेलं की ही हुंगू नका, फुप्फुसाचा आजार होतो. सून तोंडाला लावायला मास्क आणि हातमोजे घेऊन उभी. रेणुकेचा घट मी मास्क लावून पेरला, काय सांगू! धूप घातला की छताला लावलेला अलार्म किंचाळायचा, आणि नात टॉवेल हलवत ‘आजी, नॉट अगेन’ म्हणायची. लाकडाचं घर, म्हणून मुलाने नंदादीप पाण्याने भरलेल्या परातीत ठेवायला लावला आणि बजावलं, आई, ज्योत पेटती ठेवून घर सोडायचं नाही. मी म्हटलं, अरे, घट बसलेले असताना घर ओस टाकायचं नाही, हे मला माझ्या सासूने शिकवलंय, तू काय शिकवतोस? म्हणजे दोन्ही बाजूंनी मीच बांधलेली. नऊ दिवस मी, परात आणि टिटीसे तलाव.

पाचव्या माळेच्या दिवशी हे डेअरीपर्यंत जाऊन येतो म्हणून बाहेर पडले. रोजचंच होतं ते, ठरलेली वाट. मी कॅमेलियाच्या फुलांची माळ घटावर सोडली, दिव्यात तेल घातलं, आरती केली, तरी हे आले नाहीत. बाहेर वारा सुटला, आडवा पाऊस लागला. मुलाचा फोन लागेना, सुनेचा लागेना. दोघांनाही निरोप ठेवला. खुंटीकडे बघितलं तर इथेही सोबत आणलेला तो लोकरीचा कोट नव्हता. म्हणजे हे नुसते डेअरीपर्यंत गेले नव्हते.

दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. दिवा तसाच ठेवून जावं तर घराला आग लागायची भीती. शांत करावा, तर अखंड दिवा आपल्या हाताने कोण मालवतं? आणि मालवला आणि यांचं काही बरंवाईट झालं, तर? मी अशी रागावले, अशी रागावले. देवीसमोर उभी राहून म्हटलं, ‘बाई, मला दोन ठिकाणी उभं राहता येत नाही. तुझ्यापाशी बसायला कुणीही मिळेल. त्या माणसाला माझ्याशिवाय कोण आहे?’ घटावरचं एक फूल काढलं आणि ज्योतीवर टेकवून दिवा शांत केला. दाराला कुलूप लावलं, मुलाचं जॅकेट साडीवर चढवलं आणि निघाले.

डेअरीवाल्या बाईने सांगितलं की काका स्टेशनच्या दिशेने गेले, तिला वाटलं मुलाला आणायला चाललेत. स्टेशनवर गेले तर फलाट जवळजवळ मोकळा. गाडी नुकतीच शहराकडे सुटली होती. एका मुलीला खाणाखुणा सांगितल्या, ती म्हणाली, हो, जाड कोटातले आजोबा गाडीत चढताना दिसले. बाकावर बसले. आतापर्यंत मी देवीशी भांडत होते, आता भांडायलाही जोर नव्हता. कुठल्या स्टेशनावर उतरतील, कोण बघेल, यांना तर घराचा पत्ताही सांगता येत नाही. मी डोळे मिटले आणि एवढंच म्हटलं, आता तूच बघ. नवस बोलले नाही, ओटीही कबूल केली नाही. काही सुचलंच नाही.

समोरून गाडी आली. त्यातून हे उतरले, चिंब भिजलेले आणि खुशीत, आणि त्यांचा दंड धरून एक पांढऱ्या केसांची गोरी बाई. तिचं नाव हिल्डा. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाली होती. गाडीत हे एकेकाला जर्मनमध्ये विचारत होते, ट्रिबर्गसाठी कुठे उतरायचं? ती दचकून उठली, कारण ट्रिबर्गच्या खालच्या खोऱ्यातच तिचं लहानपण गेलं होतं. यांनी कुठे गाडी पकडली ते तिने गप्पा मारत काढून घेतलं, पुढच्याच स्टेशनावर उतरवलं, आणि आपली डॉक्टरची वेळ सोडून परतीच्या गाडीने घेऊन आली.

मी यांना काय काय बोलले असेन! भर फलाटावर, मोठमोठ्याने, रडत. हे गोंधळून बघत राहिले. हिल्डाने माझा हात धरला आणि सावकाश इंग्रजीत म्हणाली, ‘त्यांना रागावू नका. ते मला म्हणाले, माझी बायको घरी दिव्यापाशी बसलीये, तिला कधीच कुठे निघता येत नाही. म्हणून मी पुढे जाऊन सगळं बघून येतो. मग तिला नेईन.’

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती त्यांची एकट्याची राहिलेली सहल आहे.

हिल्डाला घरी आणलं, चहा दिला. दिवा पुन्हा लावला, आणि लावताना मनात भीती अशी उरलीच नव्हती. मग तिला पाटावर बसवून तिची ओटी भरली, नारळ, तांदूळ आणि ब्लाउजपीस. तिचा नवरा आहे की गेला, हे मी विचारलं नाही. विचारायची जी पद्धत मला शिकवली होती, ती त्या दिवशी मला आठवलीही नाही. तिने तो नारळ पोटाशी धरला.

कुणी म्हणेल योगायोग. म्हणोत बापडे, मी वाद घालत नाही. जिथे माझे हात पोचत नव्हते तिथे दुसऱ्या कुणाचे पोचले, एवढं मला कळलं. त्यासाठी देवीपुढे रोज डोकं टेकते, आणि हट्ट जरा कमी करते. वैताग अजूनही येतो, खोटं कशाला बोलू. परवाच आमटी उतू जात होती आणि हे समोर येऊन बसले. फ्रायबुर्ग झालं, तलाव झाला. मी गॅस बंद केला, पदराला हात पुसले, त्यांच्याशेजारी बसले आणि विचारलं, ‘मग आपण किती वाजता निघायचं?’